आरोग्य कर्मचारी आणि स्मार्टफोन : अतिवापराच्या परिणामांचे मापन

ताप मोजण्यासाठी तापमापी आहे, रक्तदाब मोजण्यासाठी रक्तदाबमापक आहे. परंतु माणसाची सवय मोजावयाची झाल्यास कोणते साधन हाती घ्यावे? जी वस्तू कामासाठी आवश्यक आहे आणि तीच कामात व्यत्ययही आणते, तिच्या बाबतीत हा प्रश्न विशेषच अवघड होतो. डॉक्टर, परिचारिका, रुग्णालयातील तंत्रज्ञ आणि खेड्यापाड्यांत घरोघर जाणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या यांच्या हातातील स्मार्टफोन ही अशीच वस्तू होय.

आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी किती जण स्मार्टफोनच्या आहारी गेले आहेत, याच्या पाहण्या अनेक देशांत, त्यांत भारतातही, झालेल्या आहेत. अशा पाहणीच्या शेवटी एक टक्केवारी हाती येते आणि वृत्तपत्रांत तीच तेवढी छापली जाते. ती कशी निघाली, तिच्यामागे कोणते प्रश्न विचारले गेले आणि तिच्यावरून रुग्णाविषयी व कर्मचाऱ्याविषयी काय सांगता येते, हे मात्र क्वचितच स्पष्ट केले जाते. मापन तोकडे पडले तर त्याची किंमत खाटेवरील रुग्णाला मोजावी लागते. आणि ते चुकीच्या दिशेने वाढले तर निमूटपणे काम करणाऱ्या परिचारिकेवर व्यसनाचा शिक्का बसतो. म्हणून या मापनाचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे.

वापर आणि अतिवापर

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, आरोग्यसेवेत स्मार्टफोन हे एक साधन आहे. औषधाची मात्रा पडताळून पाहणे, प्रयोगशाळेचा अहवाल मिळविणे, हृदयालेखाचे छायाचित्र दूरच्या तज्ज्ञाकडे पाठविणे ही कामे त्याच्यावर काही क्षणांत होतात. भारतात २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाविषयीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली आणि दृश्य, श्राव्य व लिखित संदेशांद्वारे रुग्णाला सल्ला देण्याच्या पद्धतीला निश्चित चौकट मिळाली. त्यापूर्वी २०१९ मध्ये ई-संजीवनी ही सेवा सुरू झाली होती. २००५ मध्ये आरंभलेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून उभ्या राहिलेल्या आशा कार्यकर्त्यांची संख्या आज सुमारे १० लाख आहे. त्यांच्या आणि परिचारिका-प्रसाविकांच्या कामातील नोंदींचा मोठा भाग आता वहीतून फोनवर आला आहे.

अशा स्थितीत एखादी कार्यकर्ती दिवसातून किती तास फोन पाहते, एवढ्यावरून ती त्याचा अतिवापर करते असे म्हणता येणार नाही. हातोडी दिवसभर हातात असते म्हणून सुताराला कोणी हातोडीचे व्यसन लागले असे म्हणत नाही. संशोधकांनी अतिवापराच्या ज्या व्याख्या केल्या आहेत त्यांत साधारणतः तीन लक्षणे आढळतात : ठरविल्यापेक्षा अधिक वापर होणे, तो आवरता न येणे, आणि त्यामुळे झोप, शरीर, नातेसंबंध किंवा काम यांची हानी होत असूनही तो चालूच राहणे. यांपैकी तिसरे लक्षण सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण हानीवाचून केवळ दीर्घ वापर हा दोष ठरत नाही.

येथे आणखी एक खुलासा करणे इष्ट होईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिच्यात संगणकावरील व फोनवरील खेळांच्या अतिरेकाला विकार म्हणून स्थान मिळाले आहे. ‘स्मार्टफोनचे व्यसन’ असा स्वतंत्र विकार मात्र तिच्यात नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणातही तो नव्हता. याचा अर्थ कोणाला त्रास होत नाही असा नव्हे. बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने २०१४ मध्ये तंत्रसाधनांच्या निरोगी वापरासाठी एक खास चिकित्सालय सुरू केले, ते त्रासलेल्या माणसांसाठीच. परंतु पाहण्यांमधील ‘व्यसन’ हा शब्द वैद्यकीय निदान नसून संशोधकांनी कामापुरता स्वीकारलेला शब्द आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

प्रश्नावलीची घडण

सवय मोजण्याचे सर्वांत रूढ साधन म्हणजे प्रश्नावली. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००५ मध्ये भ्रमणध्वनीच्या समस्यात्मक वापराची २७ विधानांची एक मापनश्रेणी तयार केली. २०१५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठात फोन जवळ नसण्याच्या भीतीचे मापन करणारी २० विधानांची प्रश्नावली सिद्ध झाली. परंतु आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पाहण्यांत वारंवार आढळते ती दक्षिण कोरियात २०१३ मध्ये तयार झालेली मापनश्रेणी. तिचे मूळ रूप ३३ विधानांचे असून त्याच वर्षी तिची १० विधानांची संक्षिप्त आवृत्ती प्रसिद्ध झाली.

या संक्षिप्त आवृत्तीची रचना सोपी आहे. ठरलेली कामे फोनमुळे राहून जातात का, काम करताना मन एकाग्र होत नाही का, फोन जवळ नसला तर जीव कासावीस होतो का, अशा आशयाची दहा विधाने उत्तर देणाऱ्यापुढे ठेवली जातात. प्रत्येक विधानाला ‘पूर्णतः असहमत’पासून ‘पूर्णतः सहमत’पर्यंत १ ते ६ गुण असतात. म्हणजे कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ६० गुण पडू शकतात. मुलांसाठी ३१ आणि मुलींसाठी ३३ ही सीमा ठरविण्यात आली.

ही बेरीज थोडी उलगडून पाहू. ३ गुण म्हणजे ‘काहीसे असहमत’. एखाद्या व्यक्तीने दहाही विधानांना ‘काहीसे असहमत’ असे उत्तर दिले, तर तिची बेरीज ३० होते. म्हणजे एकाही विधानाशी सहमत नसलेली व्यक्ती सीमेपासून अवघ्या एका किंवा तीन गुणांवर उभी असते. आता रात्रपाळीच्या एका परिचारिकेची कल्पना करू. सात विधानांशी ती काहीशी असहमत आहे; तिचे २१ गुण झाले. परंतु फोन सतत पाहावा लागतो या विधानाला तिने ६, मान किंवा मनगट दुखते याला ५ आणि ठरविल्यापेक्षा अधिक वेळ वापर होतो यालाही ५ गुण दिले. एकूण ३७ गुण झाले आणि पाहणीच्या तक्त्यात ती ‘व्यसनाधीन’ या रकान्यात गेली. तिला फोन सतत पाहावा लागतो याचे कारण वॉर्डातील सर्व सूचना फोनवरील एका गटात येतात, हे असू शकते. तक्त्याला ते दिसत नाही.

चांगल्या मापनाला दोन गुण आवश्यक असतात. पहिला विश्वसनीयता, म्हणजे पुनःपुन्हा मोजले असता तेच उत्तर येणे आणि प्रश्नावलीतील विधाने परस्परांशी सुसंगत असणे. या सुसंगतीचा अंक काढण्याची जी पद्धत सर्वत्र वापरली जाते ती अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ली क्रॉनबाक यांनी १९५१ मध्ये मांडली. दुसरा गुण सप्रमाणता, म्हणजे जे मोजावयाचे तेच मोजले जाणे. एखादे घड्याळ नेहमी दहा मिनिटे पुढे असेल तर ते सुसंगत आहे, पण खरी वेळ सांगत नाही. स्मार्टफोनविषयक बहुतेक पाहण्या पहिल्या गुणाचा आकडा देतात; दुसऱ्याची परीक्षा अधिक कठीण असल्याने ती बहुधा राहून जाते.

कोरियातील प्रश्नावली आरोग्य कर्मचाऱ्यांना लावताना सप्रमाणतेविषयी तीन अडचणी उद्भवतात. पहिली ही की, संक्षिप्त आवृत्तीची सीमा शाळकरी किशोरांच्या उत्तरांवरून ठरविलेली आहे. ती चाळीस वर्षांच्या परिचारिकेला तशीच लागू पडेल असे गृहीत धरता येत नाही. दुसरी अडचण आताच पाहिली : कर्तव्यासाठी केलेला वापर आणि स्वतःसाठी केलेला वापर यांत प्रश्नावली भेद करीत नाही. तिसरी अडचण सहज ध्यानात येत नाही. मान व मनगट दुखणे हा प्रश्नावलीतीलच एक घटक आहे. तेव्हा या प्रश्नावलीचे गुण आणि मानदुखी यांचा संबंध शोधून ‘अतिवापराने मान दुखते’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे अंशतः मानदुखीचाच संबंध मानदुखीशी जोडणे होय.

सांगितलेला वापर आणि प्रत्यक्ष वापर

प्रश्नावलीची आणखी एक मर्यादा अशी की, ती माणसाच्या स्मरणावर अवलंबून असते. ब्रिटनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात २३ तरुणांच्या फोनमध्येच वापराची नोंद होईल अशी व्यवस्था केली होती. आपण दिवसातून सुमारे ३७ वेळा फोन वापरतो, असा त्यांचा सरासरी अंदाज होता. प्रत्यक्ष नोंद सुमारे ८५ वेळांची निघाली. निम्म्याहून अधिक वापर अर्ध्या मिनिटाहूनही कमी काळाचे होते. इतक्या आखूड कृतींची मनात नोंदच होत नाही, यात नवल नाही.

२०२१ मध्ये संशोधकांनी अशा अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. सांगितलेला वापर आणि यंत्राने नोंदलेला वापर यांतील सहसंबंध ०.३८ आढळला. पूर्ण मेळ असता तर हा अंक १ आला असता आणि मुळीच मेळ नसता तर ०. या अंकाचा वर्ग सुमारे ०.१४ होतो, म्हणजे नोंदलेल्या वापरात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यांपैकी जेमतेम सातव्या हिश्शाचा मागोवा त्यांच्या सांगण्यावरून लागतो.

मग यंत्राचीच नोंद का घेऊ नये? २०१८ पासून दोन्ही प्रमुख प्रकारच्या फोनमध्ये पडद्यासमोरील वेळ दाखविणारी सोय आली आहे आणि संशोधनासाठी ती उपयुक्तही आहे. परंतु यंत्राला वेळ कळते, हेतू कळत नाही. एकाच संदेशसेवेवर रुग्णाचा अहवालही येतो आणि नातेवाइकाच्या लग्नाची छायाचित्रेही येतात. नोंदीत दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून प्रश्नावली आणि यंत्राची नोंद ही एकमेकांना पर्याय नसून पूरक आहेत.

शरीरावरील परिणाम

अतिवापराचे जे परिणाम सांगितले जातात त्यांत निद्रेचा क्रम पहिला आहे. निद्रेची प्रत मोजण्यासाठी पिट्सबर्ग येथे तयार होऊन १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेला निर्देशांक जगभर वापरला जातो. त्यात निद्रेचे सात पैलू विचारात घेऊन ० ते २१ गुण दिले जातात आणि ५ हून अधिक गुण म्हणजे निद्रा निकृष्ट असे मानतात. पडद्याच्या प्रकाशातील निळा अंश झोपेला अनुकूल अशा मेलाटोनिन या संप्रेरकाचे स्रवण कमी करतो, हे ज्ञात आहे; शिवाय अंथरुणावर फोन पाहत राहिल्याने झोपण्याची वेळच पुढे जाते. परंतु पाळीपाळीने काम करणाऱ्या माणसाची झोप फोनवाचूनही मोडलेली असते. दिवसपाळी आणि रात्रपाळी यांची वेगळी गणना न करता काढलेला निष्कर्ष म्हणूनच संशयास्पद ठरतो.

मान आणि हात यांच्याविषयी थोडी अधिक नेमकी माहिती मिळू शकते. सरळ उभ्या माणसाच्या डोक्याचा भार साडेचार ते साडेपाच किलोग्रॅम असतो. मान ६० अंश पुढे झुकविल्यास कण्याच्या मानेतील भागावर सुमारे २७ किलोग्रॅमइतका ताण येतो, असे गणित २०१४ मध्ये एका अमेरिकी शल्यचिकित्सकाने मांडले. हा आकडा पुष्कळ प्रसिद्धी पावला. तथापि तो गणिती प्रतिमानातून आलेला आहे, रुग्णांच्या पाहणीतून नव्हे. अंगठ्याच्या बाजूला मनगटातील स्नायुबंधाच्या आवरणाला सूज येते त्या विकाराचे वर्णन स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द केर्व्हँ यांनी १८९५ मध्येच केले होते. अंगठा मुठीत दाबून मनगट करंगळीकडे वळविले असता वेदना होतात की नाही, हे पाहण्याची फिंकेलस्टाइन यांची १९३० मधील चाचणी आजही वापरात आहे. अशा चाचणीचा लाभ असा की, ती परीक्षकाच्या हातून होते आणि फोनविषयीच्या उत्तरांपासून स्वतंत्र असते. अर्थात, रुग्णांना उचलणे, वळविणे ही कामे करणाऱ्या परिचारिकेचे मनगट कशाने दुखावले, हा प्रश्न तरीही उरतोच.

रुग्णालयात जंतूंचा विचारही करावा लागतो. तुर्कस्तानातील एका अभ्यासात २०० कर्मचाऱ्यांच्या फोनची तपासणी करण्यात आली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार त्यांपैकी ९४.५ टक्के फोनवर जीवाणू आढळले. मात्र फोनवर जीवाणू असणे आणि त्यांपासून रुग्णाला संसर्ग होणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. शिवाय हा धोका वापराच्या तासांवर तितका अवलंबून नाही, जितका हात धुण्यावर आणि फोन पुसण्यावर अवलंबून आहे.

लक्ष विचलित होणे आणि रुग्णाची सुरक्षितता

रुग्णाच्या दृष्टीने कळीचा प्रश्न आहे तो लक्ष विचलित होण्याचा. हृदयावरील काही शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाचे हृदय थांबविलेले असते आणि रक्ताभिसरण हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने चालते. हे यंत्र सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला परफ्यूजनिस्ट म्हणतात. २०१० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी केलेल्या पाहणीत अशा ४३९ जणांनी उत्तरे दिली. यंत्र चालू असताना आपण फोन वापरला आहे असे ५५.६ टक्के लोकांनी मान्य केले आणि जवळजवळ निम्म्यांनी संदेश पाठविल्याचे सांगितले. त्याच वेळी ७८.३ टक्के लोकांनी फोनमुळे रुग्णाच्या सुरक्षिततेला धोका संभवतो अशी चिंताही व्यक्त केली.

या पाहणीतील आणखी दोन आकडे मापनाच्या दृष्टीने फार बोलके आहेत. फोनमुळे आपले स्वतःचे लक्ष विचलित झाले असे ७.३ टक्के लोक म्हणाले; परंतु दुसऱ्या परफ्यूजनिस्टचे लक्ष विचलित झालेले आपण पाहिले आहे, असे ३४.५ टक्के लोकांनी सांगितले. एका सहकाऱ्याची चूक अनेकांनी पाहिलेली असू शकते, हे लक्षात घेतले तरी यातील अंतर दुर्लक्ष करण्याजोगे नाही. ज्याचे लक्ष गेले त्यालाच ते गेल्याचे उमगत नाही. म्हणून लक्षाचे मापन केवळ स्वतःच्या साक्षीवर सोपवून चालत नाही.

मग व्यत्यय आणि चूक यांचा संबंध कसा मोजावा? सिडनी येथील दोन रुग्णालयांत झालेला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत आदर्श मानावा लागेल. निरीक्षकांनी ९८ परिचारिकांसमवेत राहून ७२० रुग्णांना औषध देण्याचे ४,२७१ प्रसंग पाहिले, प्रत्येक व्यत्यय नोंदविला आणि दिलेले औषध रुग्णाच्या कागदांशी ताडून पाहिले. प्रत्येक व्यत्ययागणिक कार्यपद्धतीतील त्रुटींचे प्रमाण १२.१ टक्क्यांनी आणि उपचारातील चुकांचे प्रमाण १२.७ टक्क्यांनी वाढत असल्याचे आढळले. हे व्यत्यय सर्व प्रकारचे होते. केवळ फोनचे नव्हते. परंतु फोन हा व्यत्ययच असल्याने त्याच्या मापनाला येथे एक खात्रीची वाट मिळते. शिवाय फोन हातात घेतलाच पाहिजे असेही नाही. संदेश आल्याची नुसती सूचना मिळाली आणि ती उघडली नाही, तरी एकाग्रतेच्या कामात चुका वाढतात, असे २०१५ मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगात दिसून आले.

कारण कोणते आणि परिणाम कोणता?

बहुतेक पाहण्या एकाच वेळी केलेल्या असतात. एकाच दिवशी परिचारिकेला फोनविषयी, झोपेविषयी आणि चिंतेविषयी विचारले जाते व या उत्तरांत संबंध आढळतो. परंतु फोनमुळे झोप गेली, की झोप येत नाही म्हणून फोन हाती घेतला? चिंतेचे मूळ फोनमध्ये आहे, की अपुऱ्या मनुष्यबळात दिवसभर राबल्यानंतर फोन हाच एकमेव विसावा उरला आहे? एकदाच घेतलेल्या उत्तरांवरून याचा निर्णय होत नाही. कामाचा बोजा ही तिसरी गोष्ट दोन्हींना जन्म देत असेल, तर फोन काढून घेतल्याने बोजा हलका होणार नाही.

मापनाची योग्य रीत

आतापर्यंतच्या विवेचनावरून योग्य मापनाची रूपरेषा आखता येते. प्रथम वापराचे हेतूनुसार तीन भाग करावेत : रुग्णसेवेसाठी, नोंदी व कार्यालयीन आदेशांसाठी आणि स्वतःसाठी. दुसरे, प्रश्नावलीच्या जोडीला यंत्राची नोंद घ्यावी. तिसरे, परिणाम असे निवडावेत की ते प्रश्नावलीबाहेर पडताळता येतील. उदाहरणार्थ, औषध देताना आलेले व्यत्यय, हातांची स्वच्छता किंवा परीक्षकाने तपासलेले मनगट. निरीक्षक समोर असला की माणसे अधिक दक्षतेने वागतात. शिकागोजवळील हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांवरून या प्रवृत्तीला नाव मिळाले आहे. म्हणून निरीक्षण एका दिवसावर न थांबता काही आठवडे चालावे.

चौथे, तुलना असावी. दोन सारख्या वॉर्डांची कल्पना करू. एका वॉर्डात औषधे देण्याच्या वेळी खासगी फोन खणात ठेवले जातात आणि कामाच्या निरोपांसाठी वॉर्डाचा सामायिक फोन असतो. दुसऱ्यात नेहमीचीच पद्धत चालू राहते. महिन्यानंतर दोन्ही वॉर्डांच्या पद्धती परस्परांत बदलतात. दोन्ही वेळा चुका नव्या पद्धतीच्याच वॉर्डात कमी झाल्या, तर त्याचे श्रेय त्या पद्धतीला देण्यास बळकट आधार मिळतो.

पाचवी गोष्ट विश्वासाची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनात सहभागी होणाऱ्याची समजून-उमजून दिलेली संमती आवश्यक आहे आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही २०२३ मध्ये संमत झाला आहे. वेळेची नोंद घ्यावी, संदेशांतील मजकुराची नव्हे. आणि ती नोंद बढती-बदलीचा निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती जाऊ नये. शिक्षेच्या भीतीने दिलेली उत्तरे कोणत्याही गणिताने दुरुस्त होत नाहीत.

असे मापन खर्चिक आहे आणि दहा विधानांची प्रश्नावली वाटण्याइतके सोपे नाही. पण त्याचा उपयोग दुहेरी आहे. ज्या कर्मचाऱ्याला फोन खरोखरच आवरत नाही, त्याला वेळीच मदत मिळू शकते. आणि जिथे फोनचा भार प्रशासनानेच वाढविलेला आहे, तिथे तोही आकड्यांत दिसू लागतो. एका पाळीत एका परिचारिकेला कामाचे किती संदेश येतात आणि त्यांपैकी किती औषधे देण्याच्या वेळी येतात, एवढी साधी मोजणी कोणत्याही रुग्णालयाला उद्यापासून सुरू करता येण्यासारखी आहे.